थिसिससाठी हॉस्पिटलच्या डेटा वेअरहाऊसमधून लेप्टोचे पेशंट काढायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

मेडिसिन_पीजी

नमस्कार. मी मुंबईतल्या एका महापालिकेच्या मेडिकल कॉलेजात एमडी मेडिसिन करते आहे. थिसिसचा विषय लेप्टोस्पायरोसिस आणि किडनी असा आहे. ॲडमिट झालेल्यांपैकी किती जणांना ॲक्युट किडनी इन्जुरी (किडनीचं काम अचानक बिघडणं, एकेआय) झाली, कोणाला डायलिसिस लागलं, कोण घरी गेलं आणि कोण गेलं नाही, हे बघायचं आहे.

आमच्याकडे रजिस्ट्रेशन, ॲडमिशन-डिस्चार्ज, लॅब आणि फार्मसी या सगळ्यांचा डेटा रोज रात्री एका ठिकाणी ओतला जातो. त्यालाच आता सगळे डेटा वेअरहाऊस म्हणतात. गाईड मॅडमचं म्हणणं असं की प्रॉस्पेक्टिव्ह, म्हणजे इथून पुढचे पेशंट घेऊन, करायला गेले तर मला धड एकच पावसाळा मिळेल आणि पेशंट पुरणार नाहीत, म्हणून मागच्या वर्षांचा डेटा वापर. आयटीच्या सरांना भेटले. ते म्हणाले, आयसीडी कोड (आजाराच्या निदानाचा ठरलेला क्रमांक) द्या, संध्याकाळपर्यंत एक्सेल देतो.

इतकं सोपं असेल असं वाटत नाही, म्हणून विचारते आहे. कोड देऊन जे पेशंट येतील ते सगळे धरायचे का? एथिक्स कमिटीकडे आधी जायचं की डेटा बघून मग? जे पेशंट केव्हाच घरी गेले त्यांची संमती कुठून आणणार? सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) नाशिकला विद्यापीठाकडे पाठवायची तारीख जवळ आली आहे, पण घाईघाईत चुकीचा थिसिस करायचा नाही. पावसाळ्यात माझ्या वॉर्डात या आजाराची माणसं मी स्वतः बघितली आहेत. आकडे खरे यावेत एवढंच वाटतं.

एथिक्स_टेबल

तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण मी एका कमिटीच्या कार्यालयात प्रस्ताव तपासतो.

आधी कमिटी, मग डेटा. अभ्यास संपल्यावर मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही आणि मिळूही नये. नमुना-संख्येचा अंदाज हवा असेल तर आयटीकडून फक्त एकूण आकडा घ्या: अमुक वर्षात अमुक कोडचे किती ॲडमिशन. नावं-नंबर असलेली फाईल नको.

संमतीबद्दल आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचा. आधीच्या नोंदींवरचा अभ्यास असेल, ओळख काढून टाकलेली असेल किंवा पेशंटला गाठणं शक्य नसेल, तर संमतीतून सूट मागता येते. 'मागता येते' यावर लक्ष द्या. सूट कमिटी देते, संशोधकाने गृहीत धरायची नसते. प्रस्तावात कारण लिहा आणि ओळख नेमकी कोण काढणार, हेही लिहा. रजिस्ट्रेशन नंबरच्या जागी अभ्यास-क्रमांक येतो. या दोन्हींची जोडयादी एमआरडीत (हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात) राहते, तुमच्या लॅपटॉपवर नाही.

शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. कलम १७ मध्ये संशोधनाला सवलत आहे. पण त्या डेटावरून त्या व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि नियमांत सांगितलेली पथ्यं पाळायची, या अटींवर. एक्सेल व्हॉट्सॲपवर सह-संशोधकाला पाठवणं कोणत्याच पथ्यात बसत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पीजींच्या ग्रुपवर अशा फाईली फिरताना बघितल्या आहेत आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो.

नोंदवही

डॉक्टर, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी सविस्तर लिहिते आहे. मी एमआरडीत क्लार्क म्हणून लागले, नंतर बायोस्टॅटिस्टिक्स शिकले, आणि आता पीजींच्या थिसिसचं आकड्यांचं काम बघते. केसपेपर लावण्यापासून ते त्यांचं गणित करण्यापर्यंतची वाट पायाखालची आहे.

एक्सेल मागायच्या आधी लेप्टोच्या काही पेशंटचे इनडोअर पेपर एमआरडीतून काढून घ्या. कमिटीची परवानगी आल्यावरच, अर्थात. शेजारी त्याच पेशंटच्या वेअरहाऊसमधल्या नोंदी ठेवा आणि ओळ न् ओळ जुळवा. कुठला आकडा कुठल्या हाताने, किती वाजता, कशासाठी लिहिला गेला, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. वेअरहाऊसमध्ये पेशंटचा आजार साठलेला नसतो. हॉस्पिटलने जे केलं आणि त्यातलं जे कोणी टाइप केलं, ते साठलेलं असतं.

आता कोड. लेप्टोचा आयसीडी-१० कोड ए२७. तो कोण देतं? पेशंट घरी गेल्यावर एमआरडीतला कोडर डिस्चार्ज समरीवरचं शेवटचं निदान वाचून देतो. पावसाळ्यात एका बेडवर दोन पेशंट असताना हाऊसमन (वॉर्डातला कनिष्ठ डॉक्टर) समरीत काय लिहितो? 'ॲक्युट फेब्राइल इलनेस विथ थ्रॉम्बोसायटोपेनिया विथ एकेआय.' म्हणजे ताप, प्लेटलेट कमी आणि किडनी बिघडलेली. तेवढंच त्या वेळी ठामपणे माहीत असतं. लेप्टोचा रिपोर्ट नंतर येतो, समरी बदलली जात नाही, आणि कोड पडतो तापाचा किंवा किडनीचा. उलटंही होतं. डॉक्टरने '?लेप्टो' लिहिलेलं असतं, ते प्रश्नचिन्ह टाइप करताना गळतं आणि संशयाचं निदान होऊन बसतं. म्हणून नुसत्या ए२७ वर काढलेली यादी दोन्ही बाजूंनी कच्ची असते. कोडने आलेल्यांतून रँडम पेपर तपासा, आणि कोडने न आलेल्या पावसाळी तापाच्या पेशंटमधूनही तपासा. हा दुसरा भाग सगळे टाळतात. पहिल्याने कळतं की यादीत किती खोटे आहेत. किती खरे बाहेर राहिले ते फक्त दुसऱ्यानेच कळतं.

मग तुम्ही म्हणाल, कोड सोडते, लॅब धरते, आयजीएम (आजाराविरुद्ध रक्तात तयार होणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह ते लेप्टो. इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे, म्हणून जरा थांबते.

आयजीएम ताप आल्याबरोबर पॉझिटिव्ह होत नाही. साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापासून दिसायला लागतं. आता असा माणूस डोळ्यांसमोर आणा, जो तापाच्या चौथ्या दिवशी कॅज्युअल्टीत आला, डोळे पिवळे, लघवी बंद, खोकल्यातून रक्त, आणि रात्रीतच गेला. त्याचं सॅम्पल एक तर पाठवलंच गेलं नाही, किंवा गेलं आणि निगेटिव्ह आलं. तुमच्या अभ्यासात तो नाही. जो सात-आठ दिवस तग धरून राहिला, त्याचं सॅम्पल पॉझिटिव्ह आलं, तो आहे. 'आयजीएम पॉझिटिव्ह' ही अट लावली की टेस्ट होईपर्यंत जगणं ही आत येण्याची अट होऊन बसते. मृत्यूचं प्रमाण आपोआप कमी दिसतं. थिसिस छापून येतो, पुढच्या वर्षी कोणीतरी तो वाचून म्हणतं की आपल्याकडे लेप्टोने फारसे जात नाहीत, आणि सगळ्यात वाईट अवस्थेत आलेला माणूस आकड्यांतूनही जातो. मला हे सहन होत नाही, म्हणून प्रत्येक पीजीला हेच सांगते.

करायचं काय? पेशंट ॲडमिट झाला तो क्षण शून्य धरा, रिपोर्टची तारीख नाही. जून ते ऑक्टोबर तापाने ॲडमिट झालेल्यांपैकी ज्यांच्यासाठी लेप्टोची टेस्ट मागवली होती, ते सगळे निकाल काहीही असो 'संशयित' म्हणून घ्या. त्यांत पॉझिटिव्ह आलेले 'निश्चित' असा उपगट करा. दोन्हींचे आकडे वेगवेगळे द्या. टेस्ट न मागवता पहिल्या दोन दिवसांत गेलेले तापाचे पेशंट किती, हेही मोजून तिसऱ्या ओळीत लिहा, जरी त्यांच्याबद्दल आणखी काही सांगता आलं नाही तरी.

टेस्ट मागवणं हीच मुळात एक माहिती आहे, हे लक्षात ठेवा. २०१८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात बोस्टनच्या दोन हॉस्पिटलांतल्या नोंदींवरचा अभ्यास आला होता. २७२ प्रकारच्या लॅब टेस्ट बघितल्या. त्यांपैकी २३३ बाबतींत निकाल काय आला हे बाजूला ठेवून नुसती टेस्ट मागवली होती की नाही, याचाच पेशंट तीन वर्षांनी जिवंत असण्याशी संबंध निघाला. कितीतरी टेस्टमध्ये टेस्ट किती वाजता झाली हे तिच्या आकड्यापेक्षा जास्त सांगत होतं. आपल्याला नवल वाटू नये. पहाटे तीनला क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) कोणी हौसेने पाठवत नाही. डॉक्टर घाबरलेला असतो म्हणून पाठवतो.

क्रिएटिनिनवरून आठवलं. तुमच्याकडे रात्रीची इमर्जन्सी लॅब वेगळी आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी तिथलं मशीन मुख्य लॅबच्या सिस्टीमला जोडलेलं नसतं. निकाल चिठ्ठीवर येतो, मामा (वॉर्डबॉय) तो वॉर्डात आणून देतात, सिस्टर पेपरला टाचतात. मग वेअरहाऊसमधलं 'पहिलं क्रिएटिनिन' दुसऱ्या दिवशी सकाळचं असतं, मधे सलाइन जाऊन झालेलं असतं, कधी डायलिसिससुद्धा. आणि केडिगो या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेची एकेआयची २०१२ ची व्याख्या तर क्रिएटिनिनच्या वाढीवर उभी आहे: ४८ तासांत ०.३ मिग्रॅ/डेसिलिटरने वाढ किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट. मूळ आकडा कोणाचा माहीत असतो? नाक्यावर हमाली करणाऱ्या पंचविशीच्या मुलाचं क्रिएटिनिन आजवर कोणी तपासलेलं नसतं. तो येतो तेव्हाच चार असतं. ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ७५ धरून उलटं गणित करून मूळ आकडा काढायची पद्धत आहे, ती वापरा, पण वापरली असं लिहा. दुसरा मार्ग ॲडमिशनमधलं सगळ्यात कमी क्रिएटिनिन मूळ मानायचा. त्यात जो बरा होण्याआधीच गेला त्याचं सगळ्यात कमी क्रिएटिनिनही जास्तच असतं, आणि त्याची इन्जुरी सौम्य दिसते. पुन्हा तोच माणूस मार खातो.

लघवीचं मोजमाप वेअरहाऊसमध्ये नसणारच, ते टीपीआर (ताप-नाडी-श्वास) आणि इनटेक-आउटपुटच्या कागदावर आहे. केडिगोचा तो निकष सोडावा लागेल. मोकळेपणाने लिहा.

औषधांच्या नादी लागू नका. फार्मसीच्या डेटात डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक वॉर्डाच्या इंडेंटवर (एकत्रित मागणीवर) जातं, पेशंटच्या नावावर नाही. आणि जे शेड्यूलवर (हॉस्पिटलच्या औषधांच्या यादीत) नाही ते नातेवाइकांनी बाहेरून आणलेलं असतं. 'डॉक्सी दिलेले विरुद्ध न दिलेले' अशी तुलना या डेटातून होत नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी करू नका.

क्वेरीवाला_ठाणे

नोंदवही ताईंनी हॉस्पिटलची बाजू सांगितली, मी मशीनची सांगतो. खाजगी हॉस्पिटलांसाठी अशी वेअरहाऊस बांधायचं काम करतो.

आयटीला विचारा, क्रिएटिनिन सिस्टीममध्ये किती नावांनी आहे. 'सिरम क्रिएटिनिन', 'एस. क्रिएट', 'आरएफटी-क्रिएट', मशीन बदललं तेव्हा तयार झालेलं चौथं काहीतरी. एकच नाव शोधलंत तर मशीन बदलल्याच्या तारखेनंतरचे पेशंट गायब होतील आणि तुम्हाला वाटेल आजार कमी झाला. यासाठीच लॉइंक हे लॅब टेस्टचे आंतरराष्ट्रीय कोड असतात. सिरम क्रिएटिनिनचा २१६०-०. सगळी स्थानिक नावं एका कोडला जोडून घेतली की हा घोळ संपतो. आपल्या देशाच्या २०१६ च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकांत लॉइंक आहे, निदानांसाठी स्नोमेड सीटीही आहे. स्नोमेड भारतात फुकट वापरता येतं, सी-डॅक पुणे ही सरकारी संस्था ते सांभाळते. एककंही बघा. मायक्रोमोलमध्ये आलेला क्रिएटिनिनचा आकडा ८८.४ ने भागावा लागतो. '८.० पेक्षा जास्त' असं अक्षरांत आलेलं असेल तर एक्सेल तो आकडा मानणार नाही आणि सरासरीतून गुपचूप वगळेल, म्हणजे सगळ्यात वाईट किडनीच बाहेर.

वेळेचे तीन ठसे असतात: सॅम्पल घेतलं, लॅबला पोचलं, रिपोर्ट झाला. कुठला मिळतोय ते विचारा. ४८ तासांचा हिशोब करायचा आहे तुम्हाला.

एक्सेल घेऊ नका, क्वेरी (डेटा काढायची लिखित आज्ञा) लिहून घ्या. ती थिसिसच्या परिशिष्टात जाऊ द्या. रोज रात्री डेटा बदलतो, मागच्या नोंदी दुरुस्त होतात, म्हणून एका तारखेची प्रत गोठवून ठेवायला सांगा आणि ती तारीख लिहा. अशा अभ्यासांसाठी रेकॉर्ड नावाची २०१५ ची मार्गदर्शिका आहे. पेशंट कुठल्या कोडने निवडले ते पूर्ण द्या, असं ती सांगते.

डेटा कुठून आला हे दाखवता येणं का महत्त्वाचं, त्याचं उदाहरण २०२० मध्ये सगळ्या जगाने बघितलं. लॅन्सेटमध्ये ६७१ हॉस्पिटलांतल्या ९६,०३२ कोविड पेशंटचा म्हणून एक पेपर आला, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवर. सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीने डेटा दिल्याचं सांगितलं होतं. ऑस्ट्रेलियातले मृत्यू सरकारी आकड्याशी जुळेनात, मूळ डेटा कोणाला बघायला मिळेना, आणि दोन आठवड्यांत लेखकांनी पेपर मागे घेतला. तोवर त्यावरून औषधाच्या चाचण्या थांबल्या होत्या. तुमच्या मागे एमआरडीतला कागद उभा आहे, ही फार मोठी गोष्ट आहे.

ओळख लपवण्यासाठी तारखा सरकवतात. बोस्टनच्या आयसीयूचा मिमिक हा डेटा जगभर वापरला जातो. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पेशंटच्या तारखा वेगळ्या अंतराने पुढे ढकलल्या आहेत, पण अंतरं तीच ठेवून आणि ऋतू साधारण तोच राखून. लेप्टोत ऋतू गेला तर अभ्यासच गेला, तेव्हा आयटीवाल्यांनी सरसकट तारखा हलवल्या तर तक्रार करा. आठवड्याचा क्रमांक ठेवायला सांगा.

कुर्ल्याची_आई

मी डॉक्टर नाही. शोधता शोधता इथे आले. माझ्या मुलाला लेप्टो झाला होता, डायलिसिस झालं, आता बरा आहे, नोकरी करतो.

हे सगळं वाचून मला आधी भीती वाटली. त्याचं नाव, आमचा पत्ता, सगळं त्या मशीनमध्ये असणार. कोणी कधी विचारलं नाही आम्हाला.

पण मग तुमचं वाचत गेले आणि सांगावंसं वाटलं. आधी आम्ही गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलो, तिथे दोन दिवस इंजेक्शन-गोळ्या. मग बाहेरच्या लॅबमध्ये रक्त तपासलं. मग जवळच्या लहान हॉस्पिटलमध्ये एक रात्र, आणि तिथून मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. सगळे रिपोर्ट माझ्या पिशवीत होते. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ते बघितले, पण त्यांनी नवीन रक्त काढलं. माझ्या पिशवीतलं कुठे लिहिलं गेलं का, मला माहीत नाही. आणि तो कामावरून येताना कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला होता, पायाला जखम होती. हे चौथ्या दिवशी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं.

असं असेल तर तुमच्या त्या मशीनला माझा मुलगा कसा समजणार?

नोंदवही

ताई, तुमचा मुलगा बरा आहे हे वाचून फार बरं वाटलं.

तुमच्या भीतीबद्दल आधी बोलते. ती खरी आहे. नाव काढलं की ओळख गेली, असं होत नाही. अमेरिकेत लतानया स्वीनी यांनी दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड या तीनच गोष्टींवरून तिथली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखू येण्यासारखी आहेत. म्हणून या डॉक्टरांच्या फाईलमध्ये जन्मतारीख जाऊ नये, वयाचा गट जावा. पत्ता आणि पिनकोड जाऊ नये, महापालिकेचा वॉर्ड जावा. कुर्ला असेल तर एल वॉर्ड, बस. एखाद्या वॉर्डात एका आठवड्यात एकच पेशंट असेल तर तोही आकडा छापू नये, शेजारच्याशी मिळवावा. तुम्हाला कोणी विचारलं नाही ही गोष्ट मला योग्य वाटत नाही. ॲडमिशनच्या वेळी साध्या मराठी-हिंदीत एक पाटी असावी: इथल्या नोंदी, नाव काढून, संशोधनाला वापरल्या जातात, कोणाला नको असेल तर इथे सांगा. पॅरिसच्या सरकारी हॉस्पिटलांचं मोठं वेअरहाऊस आहे, तिथे पेशंटला कळवतात आणि नकार द्यायचा हक्क देतात. आपल्याकडे हे करायला पैसा लागत नाही, ठरवावं लागतं.

आणि तुमच्या पिशवीबद्दल. डॉक्टर, हे नीट वाचा. ज्या 'मूळ क्रिएटिनिन'साठी आपण वर इतकं गणित करतोय, त्याच्या जवळचा आधीचा आकडा ताईंच्या पिशवीत असू शकतो. पाण्यातून चालल्याची नोंद चौथ्या दिवशीच्या हस्ताक्षरात आहे. बाहेरून पाठवलेला पेशंट आणि थेट आलेला पेशंट सारखे नाहीत. पाठवलेला आधीच दोन-तीन दिवस आजारी राहून, तेवढं जगून आलेला असतो. वेअरहाऊसमध्ये 'रेफर्ड' हा रकाना भरलेला असेल तर घ्या. नसेल तर ट्रान्सफर नोट पेपरात सापडते. सगळ्यांचे पेपर काढणं शक्य होणार नाही, पण जे मेले आणि ज्यांना डायलिसिस झालं त्यांचे सगळे काढा, बाकीच्यांतले रँडम. पाण्याशी संपर्क आला का, या प्रश्नाचं उत्तर मात्र या अभ्यासात मागू नका. पेपरात 'नाही' लिहिलेलं नसतं, काहीच लिहिलेलं नसतं, आणि काहीच नाही म्हणजे संपर्क नव्हता असं धरलं की मुंबईत लेप्टो कोरड्या पायांनी होतो असा निष्कर्ष निघेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर या शहरात लेप्टोची साथ आली, ते ज्यांनी वॉर्डात बघितलं त्यांना असा निष्कर्ष दाखवायची हिंमत होणार नाही.

मेडिसिन_पीजी

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि कुर्ल्याच्या काकूंचे विशेष.

कमिटीने पडताळणीपुरती परवानगी दिली, म्हणून एमआरडीत बसून पेपर जुळवले. तिथल्या मामांनी गठ्ठे शोधून दिले. नोंदवही मॅडम, रात्रीच्या लॅबचं तुम्ही म्हणालात तसंच आहे. चिठ्ठ्या पेपरला टाचलेल्या आहेत आणि वेअरहाऊसमध्ये त्यांचा पत्ता नाही. एकच पेशंट ओपीडीत एका नंबरने आणि ॲडमिशनला दुसऱ्या नंबरने, हेही सापडलं. 'शेख'चं स्पेलिंग दोनदा वेगळं होतं.

गाईड मॅडमशी बोलले. प्रश्न आता असा लिहिला आहे: लेप्टोच्या संशयाने ॲडमिट झालेल्यांत ॲडमिशनच्या पहिल्या ४८ तासांत किडनी इन्जुरी किती, आणि हॉस्पिटलातले मृत्यू किती. औषधं आणि संपर्क काढून टाकले. मॅडम आधी म्हणाल्या की थिसिस लहान होतोय. मग मी त्यांना चौथ्या दिवशी गेलेल्या माणसाचं उदाहरण सांगितलं. त्यांनी त्यांच्या रजिस्ट्रारशिपमधला तसाच एक पेशंट सांगितला आणि सही केली.

दोन गोष्टी अडल्या आहेत. 'डामा' (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन गेलेल्यांचं काय करू? ते जिवंत म्हणून मोजले गेले आहेत. आणि परीक्षक नक्की विचारणार की डायलिसिस झालेल्यांत मृत्यू जास्त का, त्याचं काय उत्तर देऊ?

नोंदवही

डामा म्हणजे जिवंत नव्हे. काही जण पैसे नाहीत म्हणून दुसरीकडे जातात, आणि काही वेळा घरचे शेवटचं घरी नेतात. त्यांचा वेगळा रकाना करा. मग हिशोब दोनदा मांडा, एकदा ते सगळे वाचले असं धरून आणि एकदा सगळे गेले असं धरून. खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहे, आणि अंतर फार मोठं असेल तर तेच तुमचं निष्कर्षातलं पहिलं वाक्य. पळून गेलेले, म्हणजे ॲबस्कॉण्डेड, त्यांनाही यातच घ्या. 'हॉस्पिटलातले मृत्यू' असंच लिहा, '२८ दिवसांतले मृत्यू' लिहू नका, कारण दारातून बाहेर पडल्यावरचं आपल्याकडे काही नाही.

डायलिसिसबद्दल परीक्षकांना सरळ सांगा की ज्यांची किडनी सगळ्यात जास्त गेली त्यांनाच डायलिसिस मिळालं, त्यामुळे ही तुलना उपचाराची नाही, आजाराच्या तीव्रतेची आहे, आणि म्हणून मी पी व्हॅल्यू दिलेली नाही. तक्त्यात दोन्ही गटांचे ॲडमिशनच्या वेळचे क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि प्लेटलेट शेजारी ठेवा, ते बघून त्यांना पुढचा प्रश्न पडणार नाही. मशीन रिकामं नव्हतं म्हणून ज्यांना डायलिसिस उशिरा मिळालं, त्यांची नोंद डायलिसिस युनिटच्या रजिस्टरमध्ये असते. ते रजिस्टर वेअरहाऊसला जोडलेलं नसणार. कमिटीच्या अर्जात त्याचं नाव आत्ताच घाला, नंतर दुरुस्तीसाठी पुन्हा बैठकीची वाट बघावी लागेल.

दोन नंबर जुळवताना फक्त नावावर जाऊ नका. मोबाइल नंबर, वय दोन-तीन वर्षं इकडेतिकडे, आणि तारखांची साखळी एकत्र बघा. मोबाइल शेजाऱ्याचा असू शकतो हेही ध्यानात असू द्या. हे जुळवण्याचं काम एमआरडीतच होऊ दे, नावं तिथून बाहेर पडायला नकोत. सिनॉप्सिस पाठवण्याआधी इथे टाकलंत तर वाचून देईन, पेशंटचा कुठलाही तपशील न घालता.